करवत, कानस आणि वठलेला अंजन

अंजनाच्या गाभ्याचा ओंडका तापीत टाकला तर तरंगत नाही, बुडतो. पुरता वाळलेला असला तरी बुडतो. सागाचे वेगळे. ओला साग बुडतो, वाळला की तरंगतो. म्हणूनच इंग्रजी अमदानीत ब्रह्मदेशातला साग उभ्यानेच मारीत. बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत खाच घ्यायची, दोन-तीन वर्षे झाड जागच्या जागी वाळू द्यायचे आणि मग पाडून नदीत सोडायचे. तिथे मेलेले झाड ही व्यापाराची सोय होती. खानदेशात ती अडचण होती. अंजन, चिंच, धावडा ही झाडे ओली असताना कुऱ्हाडीला थोडीफार दाद देतात. वठली की पाते उसळून परत येते.

जंगलतोडीचा इतिहास आपल्याकडे कायदे आणि लिलाव यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. हत्याराच्या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. कोणते झाड पडणार आणि कोणते उभे राहणार, हे साहेबाच्या हुकमाइतकेच करवतीच्या दात्यानेही ठरवले, असे मला वाटते.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला, तेव्हा जंगल म्हणजे भिल्लांचा आसरा, एवढीच नव्या राज्यकर्त्यांची समजूत होती. १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली ती त्या आसऱ्यातल्या माणसांना चाकरीत ओढण्यासाठी. लाकडाची किंमत पुढे कळली. १८४२ मध्ये शेजारच्या डांगचे जंगल तिथल्या भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले गेले, कारण मुंबईच्या गोदीला साग हवा होता. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक झाला. मग रेल्वे भुसावळवरून पुढे गेली, तिला स्लीपर लागले. आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली.

या सगळ्या मागण्या पुऱ्या करणारी हत्यारे मात्र दोनच होती. पाडायला कुऱ्हाड, चिरायला दोन माणसांची करवत. ओंडक्याचे एक टोक उचलून तिरके टेकवायचे. एक माणूस वर उभा, दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. चीर मिटून पाते अडकू नये म्हणून मागून पाचर ठोकायची. दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते. सागाच्या लाकडात वाळूचाच अंश, सिलिका, असतो. म्हणून तो मऊ वाटला तरी धार खातो. करवतीइतकीच कानस महत्त्वाची होती, आणि हे ज्याला कळे तोच खरा कारागीर. आपल्या वाङ्मयात सुतार पुष्कळ भेटतो, जंगलात लाकूड चिरणारा जवळजवळ नाहीच. ही उणीव मला नेहमी खटकते.

तो बहुधा भिल्ल किंवा पावरा असे, आणि मजुरी कंत्राटदाराच्या हातात. १९३६ मध्ये पश्चिम खानदेशातला नवापूर, नंदुरबार, शहादा हा पट्टा आणि पूर्व खानदेशातले सातपुड्याचे राखीव जंगल ‘अंशतः वगळलेल्या’ प्रदेशांत घातले गेले. त्यानंतर सिमिंग्टन यांनी अशा भागांतल्या आदिवासींची पाहणी करून सावकार आणि कंत्राटदार यांच्या पिळवणुकीची नोंद केली. त्यातूनच १९४७ पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्या निघाल्या आणि कूप तोडायचे काम थेट मजुरांच्या संस्थांना मिळू लागले. मालक बदलला, कुऱ्हाड तीच राहिली.

साखळीची करवत जन्मली ती जंगलात नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी हाड कापायला दातेरी साखळी वापरली; १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी ती मुठीने फिरवली. लाकडासाठी ती आली १९२० च्या दशकात, श्टील आणि डोलमार यांच्या यंत्रांतून. पण त्या साखळीचे दाते हातकरवतीसारखेच लाकूड ओरबाडणारे होते. खरा फरक पडला १९४६ नंतर. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने बुंध्यात एक अळी पाहिली. ती आडवी-उभी कशीही सहज पोखरत होती, कारण तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते. त्याने दाता तसा केला. आजच्या साखळ्या त्याच दात्याच्या वंशातल्या आहेत.

आता खानदेशातल्या वठलेल्या झाडाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या बांधावरची चिंच वठली. परवानगी काढली, कारण १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चिंच आणि अंजन दोन्ही आहेत. मशीनवाला आला तो फळझाडांच्या फांद्या छाटायचे हलके मशीन घेऊन. तासाभरात चेन बोथट, चिरीतून भुसा नव्हे तर धूळ, आणि बार काळा पडलेला. दुसरा म्हातारा कारागीर बोलावला. त्याने मशीन बघायच्या आधी चेन बघितली.

त्याचे गणित साधे होते. अशा बुंध्याला साठ-सत्तर सीसीचे मशीन आणि वीस ते चोवीस इंची बार. बुंधा त्याहून जाड असेल तर दोन्ही बाजूंनी घ्यायचे, बार लांबवायचा नाही, कारण लांब बार म्हणजे जास्त दाते आणि मशीनवर जास्त ओझे. चौकोनी कोपऱ्याचा दाता ओल्या, स्वच्छ लाकडात झरझर चालतो, पण वाळलेल्या, माती बसलेल्या लाकडात तो कोपराच आधी जातो. म्हणून गोल कोपऱ्याचा दाता घ्यायचा. तो सावकाश कापतो, पण धार टिकवतो. कार्बाइड बसवलेली चेन मिळते, ती महाग, आणि साध्या कानशीला दाद देत नाही. तेल एरवीपेक्षा जास्त सोडायचे, कारण सुक्या लाकडात रसाचा ओलावा नसतो. आणि ओल्या झाडावर विसंबतो तसे वठलेल्यावर विसंबायचे नाही: पाडताना ठेवलेली लाकडाची बिजागरी वाकत नाही, अचानक तुटते; मशीनच्या थरथरीने वरची फांदी आधी खाली येते. तो प्रत्येक टाकी संपली की कानस काढत होता. करवतीच्या काळातलीच ती सवय.

हे शहाणपण हाती आले आणि एक जुना आडोसा गेला. कुऱ्हाडीने जे झाड परवडत नव्हते ते आता एका दुपारचे काम आहे. महामार्ग रुंद झाले तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडे याच मशीनने गेली.

वठलेल्या आणि पोकळ झाडांचे हिशेब कूपाच्या कागदावर कधी नव्हतेच. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो घुबडवर्गीय पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. हा पिंगळा अंडी घालतो झाडाच्या ढोलीत. यावल अभयारण्यात, जे १९६९ मध्ये जाहीर झाले, पडके लाकूडही विनापरवाना हलवता येत नाही. बांधावर तसे काही नाही. आमच्या चिंचेच्या बुंध्यात हात जाईल एवढी ढोल निघाली. म्हाताऱ्याने मशीन बंद करून आत बॅटरी मारली, रिकामी आहे म्हणाला, आणि कानस खिशात टाकून पुन्हा दोरी ओढली.