डेल्को: जीपचा पाटकरी

आज पिकाचं नाही, जीपचं टिपण आहे. पण शेवटी गोष्ट पाळीवरच येते.

गेल्या हंगामात ताहाराबादकडून कांद्याचं रोप घेऊन येत होतो. शेलबारीच्या चढावर आमची १९६६ ची पेट्रोल जीप उकळली. दुसऱ्या गिअरलाही ओढेना, सायलेन्सरमधून फटफट आवाज. रोप उन्हात कोमेजत होतं. कसंबसं पिंपळनेरला आलो. मिस्तरीनं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, हाई इंजिन आते थकनं. डिझेल टाकी दे."

जीप आजोबांनी घेतलेली. मन होईना. म्हटलं आधी डेल्को उघडून बघू.

आपल्याकडे डिस्ट्रीब्यूटरला जुने मिस्तरी 'डेल्को'च म्हणतात. मीही लहानपणापासून म्हणतो, पण हा शब्द कुठला हे बरंच उशिरा कळलं. चार्ल्स केटरिंग नावाचा माणूस, जन्म १८७६, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेतकरी घरातला. डेटन गावात एका मित्राच्या घरामागं खळं होतं, आपल्याकडं चारा-जनावरांचं असतं तसं. नोकरी सांभाळून संध्याकाळी तिथं चार-दोन सोबत्यांना घेऊन तो मोटारीच्या ठिणगीवर काम करायचा. तेव्हाच्या बॅटरीवरच्या गाड्यांत एका स्फोटासाठी ठिणग्यांचा नुसता पाऊस पडायचा आणि बॅटरी लवकर बसायची. केटरिंगनं ठरवलं, एका वेळेला एकच ठिणगी, पण जोरदार. १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ही पद्धत आली. कंपनीचं नाव 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी', त्यातली आद्याक्षरं जोडून डेल्को. दोन वर्षांनी, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये, त्याच लोकांचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारणं सुटलं.

आपल्या जीपचं म्हणाल तर १९४७ च्या ऑक्टोबरात महिंद्रांनी विलिस कंपनीच्या ७५ गाड्या सुट्या भागांत आणल्या. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जागा भाड्यानं घेऊन जोडणी सुरू केली. १९६२ पर्यंत जीपचे ७० टक्के भाग इथलेच झाले होते. १९७९ मध्ये महिंद्रांनी प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. पुढं डिझेल स्वस्त म्हणून आपल्या भागातल्या कितीतरी पेट्रोल जीपांची इंजिनं बदलली गेली. डिझेलला ठिणगीच लागत नाही. त्यामुळं डेल्को गेला आणि तो लावता येणारे हातही कमी झाले.

आता त्याचं काम. पांझरेवरच्या फडात पाटकरी पाळीनं पाणी सोडतो, मधेच कुणी बारं फोडत नाही. डेल्को तसाच पाटकरी. चार सिलिंडर, पाळी १-३-४-२. इंजिनाचे दोन फेरे झाले की डेल्कोचा एक. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर आतले पॉइंट मिनिटाला ४००० वेळा उघडतात. पॉइंट उघडला की कॉइलमधून हजारो व्होल्टची ठिणगी निघते आणि रोटर ती ज्याची पाळी त्या प्लगला देतो.

शेवटच्या वावरात पाणी पोचायला वेळ लागतो म्हणून बारं आधी उघडावं लागतं. पेट्रोल जळायलाही वेळ लागतो. म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या ५ अंश आधी ठिणगी हवी.

कॅप काढून बघितलं. पॉइंटचा गॅप २० थाऊ हवा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. तिथं १२ ची पट्टीही जाईना. कॅमला ग्रीस नव्हतं, त्यामुळं पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजलेला. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतो, ठिणगी उशिरा पडते. जाळ एक्झॉस्टपर्यंत जळत राहतो, ओढ जाते, पाणी उकळतं. इंजिन थकलं नव्हतं, पाळी चुकत होती.

केलं ते असं:

१. नवीन पॉइंट बसवला, कॅमला बोटभर नाही, चिमूटभर ग्रीस लावलं.
२. हँडलनं इंजिन फिरवून ठोकळा कॅमच्या टोकावर आणला आणि २० थाऊ गॅप ठेवला. आधी गॅप, मगच टायमिंग. उलट केलं तर टायमिंग परत हलतं.
३. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेतला, पुलीची खूण ५ अंशांवर आणली. रोटर एक नंबरच्या वायरकडं आहे ना, ते पाहिलं.
४. डेल्कोच्या टर्मिनलवरून बॉडीला बल्ब जोडला, चावी चालू केली. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून हळूहळू फिरवला. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला, तिथंच आवळला. रोटर फिरतो त्याच्या उलट बाजूला डेल्को फिरवला की ठिणगी लवकर पडते, हे ध्यानात ठेवा.

खर्च एका पॉइंटचा. नंतर गोण्या भरून चरणमाळ घाट चढलो, पाणी उकळलं नाही.

मिस्तरीवर राग नाही. त्याच्या पिढीच्या हाताखाली डेल्को आलाच नाही. तुमच्या गावात एखादा जुना मिस्तरी अजून असेल तर पोराला दिवसभर त्याच्याजवळ बसवा. आणि खळ्यात जुनी पेट्रोल गाडी उभी असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा कॅप उघडून पट्टी घालून बघा.