धारपांचा कथासंग्रह आणि तारखेचा घोळ

खोपटच्या एसटी डेपोत गाडीची वाट बघत मी नारायण धारपांच्या कितीतरी कथा संपवल्यात. 'अनोळखी दिशा'चे खंड तर वाचून वाचून खिळखिळे झालेत. त्यामुळे पीएचडीच्या पहिल्या प्रकरणात धारप (१९२५–२००८) घ्यायचं ठरलं तेव्हा वाटलं, हे सोपं आहे. सगळं वाचलेलंच तर आहे!

ड्राफ्ट गाईडकडे गेला. प्रत्येक कथेपुढे मी कंसात साल टाकलं होतं, माझ्या हातातल्या आवृत्तीवरचं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "लेखक २००८ साली गेले ना? मग या कथा त्यांनी गेल्यावर लिहिल्या का?"

हसू नका, ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते. संग्रहाचं साल म्हणजे कथेचं साल नव्हे. मराठीत कथा अनेकदा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात येते, मग संग्रहात, मग नव्या आवृत्तीत. शब्द बहुतेक तेच असतात, पण वाचणारी पिढी बदललेली असते.

धारपांच्या बाबतीत या तारखेवर बरंच काही ठरतं. त्यांची 'आजी' ही कथा घ्या. स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून ती बेतलेली आहे, असं मानलं जातं. 'ग्रॅमा'लाही दोन तारखा आहेत बरं का: मासिकात आली १९८४ साली आणि 'स्केलेटन क्रू' या संग्रहात १९८५ साली. पुढे २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला. त्याच्या पहिल्या भागात भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन बाहेर पडते आणि लहानगा विनायक भयंकर आजीसोबत घरात एकटा उरतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय की १९९३ साली एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट ऐकवली होती.

आता संशोधक म्हणून याकडे बघा. १९८४ हा छापील पुरावा आहे. १९९३ ही आठवण आहे. आठवण टाकून द्यायची नसते, पण ती छापील कागदाशी ताडून बघावी लागते. सांगितलेली कथा नेमकी कोणती, इथपासून सुरुवात करायची.

धारपांवर बोलताना दोन गट पडतात. एक म्हणतो, "सरळ उचललंय." दुसरा म्हणतो, "आमच्या धारपांना काही बोलायचं नाही." मी स्वतः दुसऱ्या गटातली होते. पण दोन्ही बाजूंनी आवाज चढतो आणि तारीख कुणीच बघत नाही. कोण आधी, कोण नंतर हे ठरलं की मगच पुढचा, खरा रंजक प्रश्न विचारता येतो: धारपांनी बदललं काय?

कारण परकी गोष्ट मराठीत आणणं आपल्याकडे नवीन नाही. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. पण तिथे मूळ कोणतं ते वाचकाला माहीत होतं. धारपांच्या वाचकाला ते बहुधा माहीत नसायचं. हा फरक आपण लपवायचा नाही. आणि साध्यासुध्या घरात, रोजच्या बोलण्यातून भीती हळूहळू शिरू देण्याची त्यांची हातोटी, तीही नाकारायची नाही. मूळ कथा शेजारी ठेवून वाचलं की ती हातोटी उलट जास्त स्पष्ट दिसते.

तेव्हा संग्रह हातात आला की आधी मागचं-पुढचं पान बघा, पहिली आवृत्ती कधीची ते नोंदवा. मग ग्रंथालयात जा. आम्हा ठाणेकरांकडे १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तक्त्यात तीन रकाने ठेवा: पहिली छपाई, पहिला संग्रह, हातातली आवृत्ती. मी आता तसंच करते.

आणि हो, घरातले जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्याआधी अनुक्रमणिकेचा फोटो तेवढा काढून ठेवा.