दुसऱ्या दोराची कुळकथा

विहिरीवर मोट चालायची तेव्हा तिला दोन दोर असत. जाड नाडा वरच्या चाकावरून जाई आणि भरलेल्या मोटेचं वजन पेली. बारीक सोंदूर खालच्या रुळावरून येई आणि मोटेची सोंड धरून ठेवी. बैल धावेवरून उतरत, मोट वर येई आणि काठाशी पोचताच सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढून घेई. वजन उचलायला एक दोर, ते हव्या त्या जागी रिकामं करायला दुसरा. भीमा-सीनेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. आज सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत छताखालून फिरणारी दोन हुकांची क्रेन याच तत्त्वावर चालते. तिचा जन्म मात्र वेगळ्या मुलखात झाला.

१८३४ साली जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर वळला आणि जड वजनाला भरवशाचा आधार मिळाला. पुढे रेल्वे कारखान्यांत इंजिनं उचलायची गरज पडली, तेव्हा क्रेन, म्हणजेच यारी, जमिनीवरून उठून भिंतीलगतच्या रुळांवर चढली. इंग्लंडमध्ये क्रू इथल्या कारखान्यात जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६१ च्या सुमारास बारीक सुती दोर प्रचंड वेगानं फिरवून अशी क्रेन चालवली. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तो काळही असाच होता: एक वाफेचं इंजिन आणि त्याच्या जोरावर फिरणारी सारी यंत्रं.

खरा पालट विजेनं घडवला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिलवॉकी इथे आल्टन शॉ यांनी तीन मोटरींची क्रेन घडवली. उचलायला एक, आडवं सरकायला एक, लांबवर जायला एक. प्रत्येक हालचालीला स्वतःची मोटर मिळाली आणि दुसऱ्या हुकाची वाट मोकळी झाली. आणखी एक मोटर, एक ड्रम आणि एक दोर बसवला की काम भागत होतं.

तेव्हापासून क्रेनच्या गर्डरवर ‘३०/५ टन’ अशी जोडाक्षरासारखी खूण दिसू लागली. पहिला आकडा मुख्य हुकाचा, दुसरा सहायक हुकाचा. मुख्य हुकाचा दोर कप्प्यांमधून अनेक फेरे घेतो, म्हणून त्याची ताकद मोठी आणि चाल संथ. दोन टनांची मोटर हलवायला तो खाली-वर करत बसणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्हींचा अपव्यय. हलकं काम छोटा हुक झटपट उरकतो. पण त्याची मोठी कामगिरी वेगळीच आहे. पोलाद कारखान्यात मुख्य हुक वितळलेल्या धातूचं भांडं पेलतो आणि सहायक हुक ते मागून उचलून हळूहळू कलतं करतो. इथे सोंदुराचंच काम पोलादी दोर करतो.

सोलापूर जिल्ह्यात १९३२ मध्ये माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन झाली, १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापली आणि श्रीपूरला कारखाना आला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस वाढला आणि कारखान्यांची रांग लागली. कारखान्याच्या आवारात ट्रॉलीतल्या उसाखालून तारेचे फास घालून अख्खी मोळी उचलतात, गव्हाणीवर नेतात आणि एका बाजूचा फास सोडून रिकामी करतात. हंगाम संपला की मिल हाउसमध्ये ऊस पिळणारे रूळ उघडण्याचं काम निघतं. कित्येक टनांचा लांब रूळ एका हुकावर तोलला तर झुलतो, फिरतो, आणि बेअरिंगमध्ये बसणाऱ्या त्याच्या टोकाला, म्हणजे जर्नलला, धक्का लागायची भीती राहते. दोन होइस्टवर, म्हणजे दोर-ड्रमच्या दोन स्वतंत्र उचलयंत्रांवर, दोन्ही टोकं धरली तर तो समपातळीत वर येतो आणि बेअरिंगमध्ये सावकाश बसवता येतो.

यातलं गणित मात्र डोळ्यांत तेल घालून पाळावं लागतं. वीस टनांचा रूळ आहे. गुरुत्वमध्यापासून एक हुक दोन मीटरवर, दुसरा तीन मीटरवर. तर पहिल्यावर बारा टन येतात, दुसऱ्यावर आठ. दोन होइस्ट दहा-दहा टनांचे असले आणि बेरीज वीसच भरत असली, तरी पहिला धोक्यात आहे. शिवाय एका होइस्टनं वेग घेतला की रूळ कलतो आणि दोर तिरके ओढले जातात. म्हणून आता मोटरींचा वेग जुळवणारी यंत्रणा बसवतात. आणि दोन्ही हुकांवरचं एकूण वजन गर्डरच्या क्षमतेपलीकडे कधीच जाता कामा नये.

दुसऱ्या होइस्टचा लाभ ताकदीपेक्षा ताब्यात आहे. उचललेल्या वजनाला दिशा मिळते, यंत्राचा भाग वाचतो आणि खाली उभा असलेला फिटर सुरक्षित राहतो. म्हणून क्रेन घेणाऱ्या कारखानदारांना एवढंच सांगणं: दरपत्रकातला टनांचा आकडा वाचून थांबू नका, काय उचलायचं आहे आणि ते कुठे वळवायचं आहे हे आधी कागदावर मांडा. आणि दोन्ही हुक ज्याच्या हाती द्यायचे, त्या ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा खर्च क्रेनच्या किमतीतच धरा.