डायनॅमिक फॉण्टचे दिवस

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोराडीतला एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांचे वर्षश्राद्ध होते. "काका, तुमी आबाजीची आठवण लिवली होती म्हनते. त्याची एक प्रत पाहिजे होती," तो म्हणाला. मी कपाटातली जुनी सीडी काढली, संगणकात घातली आणि पान उघडले. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि मधूनच उलटी प्रश्नचिन्हे यांची गिचमीड आली. पोराने माझ्याकडे पाहिले. "हे काय लिवलं गा?" असे त्याने विचारले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. वीज केंद्राच्या वसाहतीजवळ माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे दुकान होते. संगणक मी लग्नपत्रिका जुळवता जुळवता शिकलो. १९७४ साली कोराडीत विजेचा पहिला संच सुरू झाला. त्याच्या आधीचे गाव, शेते, पायवाटा आणि जगदंबेची जत्रा ज्यांना आठवत होती अशा अकरा म्हाताऱ्यांच्या आठवणी मी २००१ च्या हिवाळ्यात वहीत उतरवल्या, टंकित केल्या आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर चढवल्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. अकरांपैकी आज कोणी हयात नाही. त्यामुळे ती गिचमीड ही माझ्यापुरती तांत्रिक अडचण राहिली नाही. ती का झाली याचा शोध घेताना मराठी आंतरजालाच्या पहिल्या काळाचा एक विसरलेला भाग हाती लागला. तो इथे मांडतो.

एका संख्येची अनेक अक्षरे

संगणक अक्षर साठवत नाही, संख्या साठवतो. कोणत्या संख्येला कोणते अक्षर म्हणायचे, हा माणसांनी केलेला करार असतो. भारतीय लिप्यांसाठी असा करार नव्हता असे नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान 'इस्की' या संकेतावर चाले आणि भारतीय मानक संस्थेने १९९१ साली त्याला आयएस १३१९४ हा क्रमांक देऊन मान्यताही दिली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. म्हणजे करार कागदावर तयार होता.

पण दुकानातल्या संगणकाला तो ठाऊक नव्हता. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. मग फॉण्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटावे इंग्रजी लिहिले आहे, डोळ्यांना दिसावे मराठी. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरच्या एका प्रचलित मांडणीत 'कमल' हा शब्द डी, ई, वाय या तीन कळांनी उमटतो, आणि संगणकाच्या पोटात तो 'डी-ई-वाय' असाच राहतो. 'कि' लिहायचे तर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. 'ख' हे एक अक्षरच नाही, अर्धा ख आणि एक काना यांची ती जोडणी. जुन्या छापखान्यातला जुळारी खिळे जुळवायचा, तीच पद्धत इथे संगणकात आली होती.

छापण्यापुरते हे झकास होते. कागदावर शाई उमटली की आत कोणती संख्या आहे हे कोण विचारतो? पण अशा फॉण्टात संख्यांच्या जागा जेमतेम अडीचशे आणि मराठीला लागणारी अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार त्याहून कितीतरी जास्त. कुठला तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या सोयीने ठरवले. काही कंपन्यांनी तो तक्ता जाहीर केला नाही, कारण धंदाच त्यावर होता. काही सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटरच्या खाचेत लावायचे कुलूप यायचे. ते लावल्याशिवाय कार्यक्रम उघडत नसे. पुढे संगणकांना ती खाचच राहिली नाही.

जालावरची युक्ती

इंटरनेट आले तेव्हा ही युक्ती अपुरी पडली. वाचकाच्या संगणकात तो फॉण्ट नसेल तर त्याला इंग्रजी गिचमीडच दिसणार. "आधी आमचा फॉण्ट उतरवून घ्या" अशी सूचना त्या काळच्या मराठी संकेतस्थळांवर असे, ती अनेकांना आठवत असेल.

यावरचा उपाय १९९७ च्या सुमारास आला. पानाबरोबर फॉण्टही वाचकाकडे आपोआप जावा, अशी सोय दोन प्रतिस्पर्धी ब्राउझरांनी केली. नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक तंत्र घेतले, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररसाठी स्वतःचे काढले आणि फॉण्ट त्या रूपात बदलण्यासाठी 'वेफ्ट' नावाचे छोटे अवजार दिले. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नसे. आपल्याकडे याला 'डायनॅमिक फॉण्ट' म्हणत. मराठी वृत्तपत्रे यामुळेच अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या पडद्यावर सकाळी उघडू लागली. त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही.

नेटस्केपने २००० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत ट्रूडॉकची सोय काढून टाकली. उरला फक्त एक्स्प्लोरर. त्याच्या फॉण्ट फाइलीत एक गंमत होती. फॉण्टची चोरी होऊ नये म्हणून तिच्यात संकेतस्थळाचा पत्ता बांधता येई. दुसऱ्या पत्त्यावरून ती फाइल मागितली तर फॉण्ट उमटत नसे. मी त्या काळी अशाच एका अवजारात माझ्या फुकटच्या जागेचा पत्ता घातला होता आणि पुढे ती जागाच बंद झाली. सीडीवरच्या पानांना फॉण्ट का लागत नव्हता, याचे निम्मे उत्तर हे होते. चूक माझी. घर बदलावे लागेल, हे मला सुचलेच नव्हते.

करार अखेर अमलात येतो

विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉण्ट आला. त्याची अक्षरे घडवणारे र. कृ. जोशी हे आपल्या मुंबईचे, सुलेखन शिकवणारे. विंडोज एक्सपीत भारतीय भाषांची सोय होती, पण ती सेटिंगमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून जागी करावी लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत वृत्तपत्रेही एकेक करून युनिकोडवर आली. डायनॅमिक फॉण्टचे राज्य जेमतेम दशकभर टिकले.

मग जुन्या पानांचे काय? फायरफॉक्सवर चालणारे 'पद्म' नावाचे एक जोड-अवजार होते. ते जुन्या फॉण्टातली पाने वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून दाखवी. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या सत्तावन्नाव्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सगळीच जोड-अवजारे बंद केली. आजारी सॉफ्टवेअरवरचे औषधही एक सॉफ्टवेअरच होते आणि तेही गेले. खुद्द एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केले.

इथे एक उलट उदाहरण सांगायला हवे. अविनाश चोपडे यांनी नव्वदीच्या सुरुवातीला 'आयट्रान्स' ही पद्धत काढली. साध्या रोमन अक्षरांत ठरलेल्या नियमाने मराठी, संस्कृत लिहायचे आणि ते देवनागरीत उमटवायचे. आज तो कार्यक्रम फारसे कोणी वापरत नाही. पण त्या पद्धतीने लिहिलेली स्तोत्रे आणि गाणी आजही वाचता येतात, युनिकोडमध्ये नेताही येतात, कारण नियम उघडा होता आणि नुसत्या डोळ्यांनीही तो मजकूर कळतो. हे अवजार आयट्रान्सइतकेच छोटे, वापरणारे तितकेच मोजके. तरी मजकूर मागे राहिला.

म्हणून एखादे छोटे सॉफ्टवेअर किती वर्षे टिकेल, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. ते टिकणार नाही असेच धरून चालावे. विचारायचे ते हे, की ते गेल्यावर आपले लिहिलेले त्याच्याशिवाय वाचता येईल का? कोराडीत राहणाऱ्याला हे कळायला अवघड जाऊ नये. पहिल्या पिढीतले छोटे संच बंद झाले, आता सहाशे साठ मेगावॅटचे तीन नवे संच चालतात. पण विजेवर संचाचे नाव नसते. पन्नास आवर्तनांचा करार पाळला की जुन्या संचाची वीज आणि नव्याची वीज एकाच दिव्यात जळते. २००१ साली माझ्यापुढे दुसरा सोपा मार्ग नव्हता हे खरे. तरी फॉण्टचा तक्ता कागदावर उतरवून ठेवणे माझ्या हाती होते. ते मी केले नाही.

प्रश्नचिन्हे

तक्ता मला पुन्हा घडवावा लागला. आठ आठवणी एका फॉण्टात होत्या. तो जुन्या संगणकाच्या तबकडीवर सापडला, तेव्हा एकेक चिन्ह पाहून वही भरली. दोन आठवणी दुसऱ्याच फॉण्टात होत्या आणि तो कुठेच मिळेना. तिथे मोजणी केली. सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह काना निघाले. शिवाय दोन्हींमध्ये 'कोराडी' आणि 'तलाव' हे शब्द असणारच होते. त्यांच्या आधाराने पाऊल टाकत तीन महिन्यांत दोन्ही उलगडल्या. नातवाला आजोबांची आठवण मिळाली, पण वर्षश्राद्ध होऊन गेले होते.

अकरावी आठवण एका बाईची. ती मी मधल्या काळात दुसऱ्या एका कार्यक्रमातून काढून साठवली होती आणि त्या कार्यक्रमाने वरच्या अर्ध्या संख्या गाळून त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे टाकली. बहुतेक जोडाक्षरे नेमकी तिथेच होती. संख्याच पुसली गेल्यावर तक्ता काय करणार? बाकीचे शब्द संदर्भाने लावले. पण ती तलावाकाठच्या आपल्या वावराचे नाव सांगते, तिथे 'आमचं ??ाचं वावर' एवढेच उरले आहे. तिच्या मुलांना विचारले, शेजाऱ्यांना विचारले, सात-बारावर गट क्रमांक आहे, नाव नाही.

सगळ्या आठवणी आता युनिकोडात आहेत, साध्या मजकुराच्या फाइलीत, आणि एक छापील प्रत मी बांधून ठेवली आहे. त्या वाक्यात मी अंदाजाने काही भरलेले नाही. प्रश्नचिन्हे होती तशीच छापली आहेत.