कन्येचा वाटा

वाशीसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावी माणसाची पत त्याच्या सातबाऱ्यावरून ठरते. त्या उताऱ्यावर पित्यामागून पुत्राचे नाव लागले, तर त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. कन्येचे नाव लागले की मात्र चावडीवर कुजबुज सुरू होते. जुबिलीच्या या वर्षी आम्ही या विषयाकडे वळतो, त्यास कारण आहे. लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायातील जुबिली म्हणजे गेलेले वतन ज्याचे त्यास परत मिळण्याचे वर्ष होय.

प्रश्न जुनाच आहे. सलाफहादास पुत्र नव्हता. त्याच्या पाच कन्यांनी मोशेपुढे उभ्या राहून पित्याचे वतन मागितले, व ती मागणी रास्त ठरली. तथापि हा हक्क पुत्र नसेल तरच होता. शिवाय वतन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा, अशी अट पुढे पडली.

आपल्या देशात ख्रिस्ती कन्येस पुत्राच्या बरोबरीचा वाटा देणारा भारतीय वारसा कायदा 1925 साली झाला. मृत्युपत्र न करता पिता वारल्यास एक तृतीयांश विधवेस व उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांस सारखे, असा त्याचा नियम आहे. परंतु वाशी त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि इंग्रजी मुलखाचा कायदा संस्थानात आपोआप चालत नसे. 1948 साली संस्थान भारतात आले, व 1 एप्रिल 1951 पासून हा कायदा येथेही लागू झाला.

त्याच दिवशी तो त्रावणकोरासही लागू झाला होता. तेथे 1916 च्या कायद्याने ख्रिस्ती कन्येस पुत्राच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल तेच मिळे. जुनी रीत मात्र पुढेही चालूच राहिली. अखेर मेरी रॉय या बाईंनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि जुना कायदा 1951 सालीच संपला, असा निकाल 1986 साली झाला. पस्तीस वर्षे हक्क होता. तो मागणारे फारसे कोणी नव्हते!

आपल्या हिंदू भगिनींस वडिलार्जित एकत्र मिळकतीत पुत्रासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात 1994 साली मिळाला. पण आधीच विवाह झालेल्या कन्या त्यातून वगळल्या होत्या. ही उणीव 2005 च्या केंद्रीय कायद्याने भरून काढली.

कायदा असा पुढे आला, पण घरे मागेच राहिली. बहिणींस माहेरी बोलवावे, साडीचोळी करावी आणि हक्कसोडपत्रावर सह्या घ्याव्यात, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्या घरीही असेच झाले. आमच्या बहिणी काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते मौन आम्ही संमती समजलो. वाटा मागितला तर माहेर तुटेल, हे भय त्या मौनामागे होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

वाचकहो, स्वखुशीने सोडलेला वाटा दान ठरेल. भयाने सोडलेला वाटा दान नव्हे. सही घेण्यापूर्वी बहिणीस तिचा वाटा किती, हे स्पष्ट सांगावे, आणि तिने तो मागितला तरी माहेरचे दार तिला उघडेच आहे, असा शब्द द्यावा. एवढे घडले, तरी ही जुबिली सार्थकी लागली, असे आम्ही समजू.