माहेरच्या पुण्याईपलीकडे

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर आहे. बंदर, औष्णिक वीज आणि अशोक लेलँडचा कारखाना यांचा हा टापू. असल्या उद्योगांना लागणारे इंजिनिअर या शहराने पिढ्यान्‌पिढ्या घडवले ते गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. १७९४ साली सर्वेक्षण शिकवण्यासाठी निघालेल्या या संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुमारे दीडशे वर्षे घेतली. पहिली विद्यार्थिनी ए. ललिता तिथे आल्या तेव्हा वैधव्य अठराव्या वर्षीच आलेले, आणि पदरी लहान मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव त्याच महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक; त्यांनी प्राचार्य चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि प्रवेश झाला. वर्गात निभावून जाई. संध्याकाळी वसतिगृहात बोलायला दुसरी मुलगी नसे. मग वडिलांच्याच खटपटीने मुलींसाठी प्रवेश खुला झाला आणि पी. के. थ्रेसिया व लीलाम्मा जॉर्ज स्थापत्य शाखेत आल्या. १९४३ मध्ये तिघींचे शिक्षण एकदमच पुरे झाले. थ्रेसिया पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

या कथा आपण जिद्दीच्या म्हणून सांगतो. जिद्द होतीच, पण तेवढ्यावर भागले नाही, हे त्याच कथा सांगतात. ललितांनी सिमला आणि कलकत्ता इथे नोकऱ्या केल्या त्या भावांच्या घरांच्या आधाराने. भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांचे काम करणाऱ्या या बाईंचे मूल सांभाळायला घरचे माणूस होते. आपल्याकडच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनाही असाच इतरांचा आधार लागला. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी नकार दिला आणि मग वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर घेतले. तिथे मार्गदर्शक श्रीनिवासय्या पाठीशी उभे राहिले. पुढे केंब्रिजला प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना दिले आणि स्वतः रात्री काम केले. १९३९ मध्ये कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली.

यावर कुणी म्हणेल, अंगी गुण असला की वाट सापडतेच. या दोघींना सापडली नाही का? सापडली, पण ती कुणाला सापडली तेही पाहावे. ललितांचे वडील त्याच महाविद्यालयात शिकवत होते. कमलाबाईंचे वडील आणि काका स्वतः रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले. ज्यांच्या माहेरी विज्ञान आधीपासून नांदत होते, त्यांनाच दार ठोठावता आले. बाकीच्या मुलींत गुणवत्ता कमी होती असे मानायला काही आधार नाही. त्यांच्यासाठी शब्द टाकणारे कुणी नव्हते, एवढेच.

माहेरच्या पुण्याईची जागा संस्था घेऊ शकते का, हा खरा प्रश्न. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंता आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला ललिता व्यक्तिगत नात्याने गेल्या. त्यांना पाठवील अशी संघटना भारतात नव्हती. ती उणीव १९७३ मध्ये मुंबईत भरून निघू लागली. बारा जणींनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. वाशीच्या तिच्या वास्तूत व्याख्याने होतात, तसेच नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघरही चालते. संघटनेच्या शाखांमध्ये चेन्नईजवळच्या अणुकेंद्राचे कल्पाक्कमही आहे. एकीच्या भावाने आणि दुसरीच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने जे मर्जीने दिले, ते अशा संघटनेत कुणालाही हक्काने मागता येते. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे.

बायकांच्या वेगळ्या संस्था काढल्या की त्या मुख्य प्रवाहापासून तुटतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण गिंडीचा अनुभव उलट सांगतो. सोबतीला दोघी आल्या म्हणून ललिता मुलांच्या वर्गातून उठून गेल्या नाहीत. सोबत मिळाली म्हणून टिकणे सोपे झाले. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्या वेळीही हीच शंका घेता आली असती. तिथून बाहेर पडणाऱ्या मुली काम करतात ते सर्वांच्याच कंपन्यांत. दुसरा आक्षेप आजचा: आता मुली भरपूर शिकतात, मग आधार कशाला? पदवीपर्यंत पोचणे आणि चाळिशीपर्यंत प्रयोगशाळेत टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात सुटलेले काम पुन्हा धरू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याला स्वतंत्र योजना आखावी लागली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे असे २०१७ मध्ये कायद्यात लिहावे लागले. प्रश्न मिटला असता तर याची गरज पडली नसती.

म्हणून एखादी संस्था स्त्रियांना किती पाठबळ देते हे ८ मार्चच्या शाल-श्रीफळावरून जोखू नये. रात्रपाळीनंतर घरी पोचवायला गाडी आहे का, पाळणाघर खरोखर चालते का, खंडानंतर परत घेतात का, हे विचारावे. एन्नोरच्या कारखान्यापासून तारापूरच्या अणुकेंद्रापर्यंत सगळीकडे हेच तीन प्रश्न पुरेसे आहेत.