ग्राहकांची माहिती पुसणे (छोटे व्यवसाय, वसई-विरार)

ग्राहकाचा मोबाइल नंबर, आधारची प्रत, फोटो अशी डिजिटल माहिती काम संपल्यावर किंवा त्याने संमती मागे घेतल्यावर काढून टाकण्याचे व्यावसायिकावरील कायदेशीर बंधन. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याच्या कलम ८ व १२ मध्ये हे बंधन आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मात्र व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत.

दुकान लहान म्हणून आपोआप सूट मिळत नाही. काही वर्गांना, त्यात स्टार्टअपना, सवलत देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. पण नालासोपाऱ्यातले झेरॉक्सचे दुकान त्यामुळे स्टार्टअप ठरत नाही. उधारीची कागदी वही कायद्याबाहेर राहते. तिच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये गेला की ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते.

वसई-विरारमध्ये या तरतुदीचे सर्वांत चपखल उदाहरण इस्टेट एजंटचे. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झालेल्या या शहरात मुंबईपेक्षा स्वस्त घर शोधत येणाऱ्यांचा ओघ मोठा, आणि भाड्याच्या घराचा रस्ता बहुधा एजंटच्या गाळ्यातून जातो. भाडेकरू आधार, पॅन आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एजंट ते घरमालकाला, करारनामा करणाऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला पुढे ढकलतो. कलम ७ मधले एक उदाहरण नेमके याच धंद्याचे आहे : घर शोधून देण्यासाठी दिलेली माहिती ग्राहकाने ‘आता मदत नको’ असे कळवताच वापरणे थांबवावे. प्रत्यक्षात चॅट उडवून भागत नाही. तोच आधार फोनच्या गॅलरीत, बॅकअपमध्ये आणि प्रिंट काढलेल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये उरतो. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार नोंदवावाच लागतो आणि तो नोंदणी खात्याकडे राहतो. घर ठरल्यावर एजंटकडच्या या सुट्या प्रतींना फारसे प्रयोजन उरत नाही.

सगळेच पुसायचे, असाही अर्थ नाही. दुसरा कायदा राखायला सांगत असेल तेवढे राखायचे. जीएसटीची हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे. त्यामुळे वालीव-गोखिवऱ्यातल्या नोंदणीकृत कारखानदाराने बिल ठेवावे, पण त्यातला नंबर उचलून केलेली ‘दिवाळी ऑफर’ची ब्रॉडकास्ट लिस्ट ग्राहकाने नको म्हणताच मोडावी. नव्या नियमांनी आणखी एक गाठ मारली आहे : सरकारला ठरावीक कारणांसाठी मागता यावी म्हणून माहिती व तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या. पुसा आणि ठेवा, दोन्ही एकाच नियमावलीत.

मुदतीच्या बाबतीत कायदा मोठ्यांना सोपा आहे. दोन कोटींहून कमी नसलेले वापरकर्ते असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना तीन वर्षांची स्पष्ट मर्यादा आखून दिली आहे, शिवाय पुसण्यापूर्वी ४८ तास आधी कळवायचे. विरारच्या जिमला किंवा क्लासला असे कॅलेंडर नाही. सभासदत्व संपले म्हणजे ‘हेतू’ कधी संपला, हे चालकानेच ठरवायचे. हजेरीचे अ‍ॅप किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे असेल तर तिच्याकडूनही माहिती पुसून घेणे त्याच्याच गळ्यात.

संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आणि संमतीची विनंती मराठीतही वाचण्याचा पर्याय हवा. तक्रार आधी व्यावसायिकाकडेच करायची. तिचे निवारण ९० दिवसांच्या आत व्हायला हवे. तिथे न सुटल्यास भारतीय डेटा संरक्षण मंडळ. पुसण्याच्या बंधनाचा भंग झाल्यास दंडाची कमाल मर्यादा ५० कोटी रुपये. रक्कम ठरवताना चुकीचे गांभीर्य, कालावधी आणि दंडाचा त्या व्यक्तीवर होणारा परिणाम मंडळाने पाहायचा आहे.